मोठी संख्या हाताने तपासताना: १२,३४,५६,७८९ चे गुणधर्म कोणत्या क्रमाने काढावेत

दर रविवारी सकाळी नागपुरात लक्ष्मीनगरच्या एका घराच्या ओसरीत आठवी ते दहावीच्या मुलांच्या गणिताच्या वह्या माझ्यासमोर येतात, आणि मोठ्या संख्येचे अवयव काढण्याच्या उदाहरणात एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. भागाकार बरोबर असतो, पाढे पाठ असतात, तरी उत्तर चुकते. कारण बहुतेक वेळा चूक आकडेमोडीत नसून क्रमात असते: कसोटी चुकीच्या गटांवर लावलेली असते, तपासण्याची हद्द ठरवलेलीच नसते, किंवा एक अवयव सापडताच दुसरा तपासून न पाहता मूळ संख्या म्हणून जाहीर केलेला असतो. पुढे १२,३४,५६,७८९ ही संख्या घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंतचा क्रम दिला आहे. ही संख्या सर्वांच्या तोंडी असली तरी तिचे मूळ अवयव फार थोड्यांना ठाऊक असतात, आणि आंधळेपणाने भाग देत बसणाऱ्याची ती चांगलीच दमछाक करते.

पूर्वतयारी

चौकटीची, शिवलेली वही घ्यावी. सुटे कागद घेऊ नयेत. मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी कूलरसमोर बसून सुट्या कागदांवर बाक्या लिहिणाऱ्याला त्यातला नेमका तिसरा कागद नंतर पलंगाखाली सापडतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. एका चौकटीत एकच अंक लिहावा. डाव्या पानावर भागाकार करावेत आणि उजव्या पानावर फक्त निकाल व बाक्या उतरवाव्यात.

६१ पर्यंतच्या मूळ संख्या वहीच्या शेवटच्या पानावर आधीच लिहून ठेवाव्यात: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१. या यादीत १ नाही, कारण १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही. ५१ (३ × १७) आणि ५७ (३ × १९) या दोन संख्या मात्र दर वर्षी कोणी ना कोणी या यादीत घुसवतोच.

कॅल्क्युलेटर वापरायचा असल्यास त्याची मर्यादा आधी ओळखावी. दुकानातल्या बारा अंकी कॅल्क्युलेटरवर आपल्या संख्येचा वर्ग मावतच नाही, कारण तो १५,२४,१५,७८,७५,०१,९०,५२१ असा सतरा अंकी आहे. एक्सेलमध्ये तो मावल्यासारखा दिसतो, पण तिथे पंधराच सार्थ अंक जपले जातात आणि शेवटी ५२१ ऐवजी ५०० उमटते.

> सावधान: यंत्राने दाखवलेल्या मोठ्या संख्येच्या शेवटी अकारण शून्ये दिसली, तर त्या उत्तरावर विभाज्यतेची कोणतीही कसोटी लावू नये.

टप्पा १: संख्या उतरवणे आणि दोन ताळे काढणे

संख्या वहीत उतरवल्यावर लगेच नऊचा आणि अकराचा ताळा, म्हणजे ९ ने आणि ११ ने भागल्यास उरणारी बाकी, काढून बाजूला लिहावा. नऊच्या ताळ्यासाठी अंकांची बेरीज करायची: १ + २ + ३ + ४ + ५ + ६ + ७ + ८ + ९ = ४५, म्हणजे ताळा ०. अकराच्या ताळ्यासाठी एकक स्थानापासून डावीकडे जात आळीपाळीने अधिक-उणे करायचे: ९ − ८ + ७ − ६ + ५ − ४ + ३ − २ + १ = ५.

दोन ताळे कशासाठी, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. उतरवताना होणारी सर्वात सामान्य चूक शेजारच्या दोन अंकांच्या अदलाबदलीची असते, आणि अदलाबदलीने अंकांची बेरीज बदलत नसल्यामुळे नऊचा ताळा ती पकडू शकत नाही. याच संख्येला ९ ने भागून येणारा भागाकार मी स्वतः एकदा १,३७,१७,४२१ ऐवजी १,३७,७१,४२१ असा उतरवला होता. नऊचा ताळा दोन्हींचा ८ आला आणि पुढचा पाऊण तास वाया गेला. अकराचा ताळा काढला असता तर पहिल्याचा ३ आणि दुसऱ्याचा ४ आला असता, आणि चूक तिथल्या तिथे दिसली असती.

टप्पा २: हलक्या कसोट्या, पण योग्य गटांवर

प्रत्यक्ष भागाकाराआधी ज्या कसोट्या नुसत्या नजरेने लागतात त्या उरकून घ्याव्यात. एकक स्थानी ९ असल्यामुळे २ आणि ५ बाद होतात. अंकांची बेरीज ४५ असल्यामुळे ३ ने आणि ९ नेही पूर्ण भाग जातो.

इथेच थांबून एक गैरसमज काढायला हवा. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ यांनाच लागू पडते, २७ ला नाही. १८९९ या संख्येच्या अंकांची बेरीज २७ आहे, तरी २७ ने भागल्यास बाकी ९ उरते. तसेच ४५ ला ५ ने भाग जातो म्हणून दिलेल्या संख्येलाही ५ ने भाग जाईल, असा तर्क करणारी वहीसुद्धा मी पाहिली आहे.

७, ११ आणि १३ या तिघांसाठी एकच सोयीची कसोटी आहे, कारण ७ × ११ × १३ = १००१. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि त्यांची आळीपाळीने वजाबाकी-बेरीज करायची: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. आता ४५६ ला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने भागल्यास ५ आणि १३ ने भागल्यास १ उरते. म्हणजे तिघेही बाद. अकराची बाकी ५ आली आणि टप्पा १ मधला अकराचा ताळाही ५ होता, हा मेळ बसलाच पाहिजे.

सर्वात जास्त वह्या या कसोटीत घसरतात आणि त्याचे कारण आपला स्वल्पविराम आहे. आपण १२,३४,५६,७८९ असे लिहितो, त्यात उजवीकडचा गट तीन अंकांचा आणि पुढचे सगळे दोन-दोन अंकांचे असतात. मुले हेच गट उचलतात आणि ७८९ − ५६ + ३४ − १२ = ७५५ असे काढून बसतात. या संख्येत निष्कर्ष नशिबाने तोच येतो, कारण ७५५ लाही ७, ११ किंवा १३ ने भाग जात नाही, आणि म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. परंतु १,००,१०० घ्या. ही संख्या १००१ × १०० आहे, म्हणजे तिला तिघांनीही भाग जातो, आणि तीन-तीनच्या गटांनी १०० − १०० = ० असे बरोबर उत्तर मिळते. स्वल्पविरामाचे गट घेतल्यास मात्र १०० − ० + १ = १०१ येते आणि तिन्ही अवयव हातचे निसटतात.

> सावधान: कसोटी लावण्यापूर्वी संख्या स्वल्पविरामाशिवाय पुन्हा लिहावी आणि लागतील तेवढ्या अंकांचे गट उजवीकडून स्वतः पाडावेत.

तीनच्या गटांची साधी बेरीज ३७ साठी उपयोगी पडते, कारण ९९९ = २७ × ३७. बेरीज ७८९ + ४५६ + १२३ = १३६८; तिला ३७ ने भागल्यास बाकी ३६, म्हणून ३७ बाद. याच १३६८ ला २७ ने भागल्यास बाकी १८ उरते, म्हणजे संख्येत ३ चा घातांक नेमका २ आहे, ३ नाही, हेही इथेच कळले. १०१ साठी दोन-दोनचे गट लागतात: ८९ − ६७ + ४५ − २३ + १ = ४५, म्हणून तोही बाद.

१७ आणि १९ साठीही शेवटचा अंक वेगळा काढून करायच्या युक्त्या आहेत. माझ्या मते नऊ अंकी संख्येवर त्या सरळ भागाकारापेक्षा जास्त वेळ खातात. ज्याला आवडतात त्याने जरूर वापराव्यात.

टप्पा ३: सापडलेला अवयव बाहेर काढून हद्द नव्याने ठरवणे

९ ने भाग देताना भागाकाराचे अंक एकामागून एक १, ३, ७, १, ७, ४, २, १ असे येतात:

१२,३४,५६,७८९ = ९ × १,३७,१७,४२१

> तपासणी: भागाकाराच्या अंकांची बेरीज २६ आहे, तिला ३ ने भाग जात नाही, म्हणजे ३ पूर्णपणे बाहेर निघाला. नऊ अंकी संख्येतले पहिले दोन अंक (१२) मिळून पहिला भाग गेला, म्हणून भागाकार आठ अंकी असलाच पाहिजे. सात अंकी आला असेल तर मध्येच कुठेतरी अंक गळला आहे.

आता हद्द. संयुक्त संख्येला तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा नसलेला किमान एक मूळ अवयव असतोच, म्हणून वर्गमूळापर्यंत तपासणे पुरते. इथे दोन चुका होतात. पहिली, मुले अजूनही मूळच्या संख्येचे वर्गमूळ धरून बसतात. ते ११,१११ च्या किंचित पुढे आहे (११,१११ चा वर्ग १२,३४,५४,३२१ असून आपली संख्या त्याहून फक्त २,४६८ ने मोठी आहे), पण आता आपल्याला १,३७,१७,४२१ चेच अवयव हवे आहेत आणि तिचे वर्गमूळ ३,७०३ च्या पुढे, ३,७०४ च्या आत आहे. हद्द एकदम तिसऱ्या हिश्शावर आली. दुसरी चूक म्हणजे “वर्गमूळापेक्षा मोठा मूळ अवयव असूच शकत नाही” हा समज. असू शकतो, मात्र एकापेक्षा जास्त नाही. त्याचे उदाहरण शेवटी येईल.

टप्पा ४: रीत निवडणे

३,७०३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी एकेक करून भाग देत जाणे ही बिनचूक रीत आहे, पण या संख्येवर ती क्रूर ठरते. तिचा सर्वात लहान मूळ अवयव ३,६०७ आहे आणि मूळ संख्यांच्या ओळीत तो ५०४ वा आहे. म्हणजे ५०३ भागाकार फुकट आणि पाचशे चौथ्याला यश.

म्हणून लांबलचक भागाकाराला बसण्यापूर्वी पाच-दहा पायऱ्या फर्माच्या रीतीला द्याव्यात, असा माझा आग्रह आहे. ही रीत विषम संख्येवरच चालते आणि तिच्यामागची कल्पना सोपी आहे: विषम संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून मांडता आली, तर (क + ख) आणि (क − ख) असे दोन अवयव आपोआप मिळतात. वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करून त्याच्या वर्गातून संख्या वजा करायची आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे.

पहिली पायरी, क = ३,७०४: वर्ग १,३७,१९,६१६; वजाबाकी २,१९५. पूर्ण वर्गाच्या शेवटी ५ असेल तर शेवटचे दोन अंक २५ च असतात; इथे ९५ आहेत, म्हणून ही पायरी बाद.

दुसरी पायरी, क = ३,७०५: वर्ग १,३७,२७,०२५; वजाबाकी ९,६०४. हा ९८ चा वर्ग आहे.

म्हणून अवयव ३,७०५ − ९८ = ३,६०७ आणि ३,७०५ + ९८ = ३,८०३. पाचशे भागाकारांचे काम दोन पायऱ्यांत झाले, कारण हे दोन अवयव एकमेकांच्या जवळ आहेत; ते दूर असते तर हीच रीत शेकडो पायऱ्या रखडली असती.

वजाबाकी पूर्ण वर्ग आहे का, हे पाहण्यासाठी प्रत्येक वेळी वर्गमूळ काढत बसू नये. शेवटी २, ३, ७ किंवा ८ असेल, शेवटी एकच शून्य असेल, किंवा ५ च्या आधी २ नसेल, तर ती संख्या तिथेच खोडावी. ९ बाहेर न काढता थेट १२,३४,५६,७८९ वर हीच रीत चालवून पाहिल्यास हा नियम किती कामाचा आहे ते दिसते. ११,११२ पासून सुरुवात केल्यावर वजाबाक्या अनुक्रमे १९,७५५, ४१,९८० आणि ६४,२०७ येतात; तिन्ही केवळ शेवटच्या अंकांवरून बाद होतात आणि चौथ्या पायरीला, क = ११,११५ असताना, ८६,४३६ येते, जो २९४ चा वर्ग आहे. तेव्हा अवयव १०,८२१ आणि ११,४०९ असे मिळतात. काही मुले इथेच थांबतात. अंकांची बेरीज १२ आणि १५ येते, म्हणजे दोघांतही एकेक ३ दडलेला आहे आणि काम अर्धेच झालेले आहे.

> तपासणी: ३,६०७ चा नऊचा ताळा ७, ३,८०३ चा ५; ७ × ५ = ३५, त्याचा ताळा ८. भागाकाराच्या अंकांची बेरीज २६ होती, तिचाही ताळा ८. अकराचे ताळे १० आणि ८. गुणाकार ८०, ११ ने भागल्यास बाकी ३, आणि १,३७,१७,४२१ चा अकराचा ताळाही ३. दोन्ही जुळले तरच पुढे जावे.

टप्पा ५: सापडलेले अवयव मूळच आहेत याची खात्री

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. फर्माच्या रीतीने मिळालेले अवयव मूळ असतीलच असे नाही, हे आताच १०,८२१ ने दाखवून दिले. ३,६०७ चे वर्गमूळ ६० च्या किंचित वर आहे, म्हणून ५९ पर्यंत तपासावे लागते. ३,८०३ चे ६१ आणि ६२ च्या मध्ये, म्हणून ६१ पर्यंत. भागही मूळ संख्यांनीच द्यावा. ९, १५, २१, ४९ यांनी भाग देऊन पाहणे हे वेळ घालवणे आहे, कारण ३ ने भाग जात नसेल तर ९ ने जाणार कसा?

३,६०७ ला ७ पासून पुढे भागल्यावर बाक्या अशा येतात: ७ ला २, ११ ला १०, १३ ला ६, १७ ला ३, १९ ला १६, २३ ला १९, २९ ला ११, ३१ ला ११, ३७ ला १८, ४१ ला ४०, ४३ ला ३८, ४७ ला ३५, ५३ ला ३, ५९ ला ८. कुठेही शून्य नाही. ३,८०३ च्या बाक्या त्याच क्रमाने २, ८, ७, १२, ३, ८, ४, २१, २९, ३१, १९, ४३, ४०, २७ आणि शेवटी ६१ ला २१ अशा येतात. दोन्ही संख्या मूळ आहेत.

या दोन रांगांचा एकमेकींशी ताळा घेता येतो आणि तो घ्यावा. दोन संख्यांतला फरक १९६ आहे, म्हणून कोणत्याही एका भाजकासाठी पहिल्या बाकीत १९६ ची बाकी मिळवली की (बेरीज भाजकाएवढी किंवा त्याहून मोठी झाल्यास भाजक वजा करून) दुसरी बाकी आली पाहिजे. उदाहरणार्थ, १३ साठी १९६ ची बाकी १, आणि वर ६ नंतर ७ आहे. ४७ साठी ८, आणि वर ३५ नंतर ४३ आहे. ७ साठी १९६ ची बाकी शून्य, म्हणून दोन्हीकडे २. कुठे मेळ बसला नाही तर तो एकच भागाकार पुन्हा करावा, सगळी रांग नव्हे.

आता पक्के लिहिता येते: १२,३४,५६,७८९ = ३² × ३,६०७ × ३,८०३.

टप्पा ६: अवयवांवरून निघणारे गुणधर्म

इथून पुढे भागाकार जवळपास नाहीत. घातांक नीट वाचले की झाले. घातांक २, १, १ आहेत. प्रत्येकात १ मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या येते: ३ × २ × २ = १२. त्यांच्या सहा जोड्या अशा आहेत:

१ × १२,३४,५६,७८९
३ × ४,११,५२,२६३
९ × १,३७,१७,४२१
३,६०७ × ३४,२२७
३,८०३ × ३२,४६३
१०,८२१ × ११,४०९

संख्या विषम असल्यामुळे प्रत्येक जोडी दोन वर्गांच्या वजाबाकीची एक मांडणी देते, म्हणजे अशा मांडण्या नेमक्या सहा आहेत. ११,११५² − २९४² ही त्यातली शेवटच्या जोडीची.

सर्व विभाजकांच्या बेरजेसाठी प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची बेरीज वेगळी करून गुणायची: (१ + ३ + ९) × (१ + ३,६०७) × (१ + ३,८०३) = १३ × ३,६०८ × ३,८०४ = १७,८४,२२,८१६. ३² साठी (१ + ३) चा वर्ग १६ लिहिणे ही इथली ठरलेली चूक आहे. वरच्या बारा विभाजकांची प्रत्यक्ष बेरीज करूनही हेच उत्तर येते, आणि पहिल्या वेळी ती करून पाहावीच. यातून संख्या स्वतः वजा केली तर ५,४९,६६,०२७ उरतात. हे संख्येपेक्षा कमी असल्यामुळे ती न्यून संख्या ठरते, परिपूर्ण (बेरीज संख्येएवढीच) किंवा विपुल (बेरीज जास्त) नाही.

तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, हे काढताना पुन्हा ३² सांभाळावे लागते. त्याचा वाटा ९ − ३ = ६ आहे; (३ − १) चा वर्ग ४ नाही आणि ९ − १ = ८ ही नाही. म्हणून ६ × ३,६०६ × ३,८०२ = ८,२२,६०,०७२.

> तपासणी: संख्या २ पेक्षा मोठी असेल तर हे उत्तर नेहमी सम येते. विभाजकांची संख्या विषम आली, तर संख्या पूर्ण वर्ग असलीच पाहिजे. आपली नाही, म्हणून १२ हे सम उत्तर योग्य आहे.

टप्पा ७: द्विमान रूप

द्विमान रूपात संख्या फक्त ० आणि १ या अंकांनी लिहितात; त्यासाठी २ ने सत्तावीस वेळा भाग देण्यापेक्षा १६ ने सात वेळा भागणे बरे. बाक्या क्रमाने ५, १, १३, १२, ११, ५, ७ येतात. त्या शेवटाकडून वाचायच्या आणि प्रत्येकीचे चार अंकी द्विमान रूप लिहायचे: ०१११ ०१०१ १०११ ११०० ११०१ ०००१ ०१०१. अगदी डावीकडचे शून्य सोडले की २७ अंक उरतात, त्यात १ हा अंक १६ वेळा आहे. मधल्या गटांतली आघाडीची शून्ये मात्र सोडू नयेत. ०००१ चा नुसता १ केला की संख्या जवळपास आठपट लहान होते. शेवटचे दोन अंक ०१ असल्यामुळे ४ ने भागल्यास बाकी १, आणि शेवटचे तीन १०१ असल्यामुळे ८ ने भागल्यास बाकी ५ उरते. या दोन बाक्या पुढच्या टप्प्यात लागतात.

टप्पा ८: वर्गांची बेरीज

“४ ने भागून बाकी १ उरते, म्हणजे ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे” हे वाक्य मी इतक्या वह्यांत वाचले आहे, की त्याच्याखाली मारायची लाल रेघ आता हातालाच पाठ झाली आहे. तो नियम मूळ संख्यांसाठी आहे. संयुक्त संख्येत ४ ने भागून ३ बाकी देणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असावा लागतो. ३ चा घातांक २ आहे, तिथे अडचण नाही. पण ३,६०७ आणि ३,८०३ या दोघांचीही बाकी ३ आणि घातांक १ आहे. म्हणून १२,३४,५६,७८९ ही संख्या दोन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज होऊच शकत नाही. बाकी १ आली ती ३ × ३ = ९ मधून, दोन वाकड्या अवयवांच्या बाक्यांच्या गुणाकारातून. तीन वर्गांची बेरीज मात्र होते, कारण त्यासाठी अडवणाऱ्या संख्या ८ ने भागून ७ बाकी देणाऱ्या, किंवा तशा संख्येला ४ च्या घाताने गुणून मिळणाऱ्या असतात, आणि आपली बाकी ५ आहे.

सरावासाठी दुसरी संख्या: ४,४०,००१

नागपूरच्या जीपीओचा (मुख्य टपाल कार्यालयाचा) हा पिनकोड इथल्या प्रत्येकाला पाठ असतो, म्हणून सरावाला मी तोच देतो; शिवाय यात वरची सोपी वाट बंद आहे. अंकांची बेरीज ९, म्हणून ४,४०,००१ = ९ × ४८,८८९. भागाकाराच्या अंकांची बेरीज ३७, म्हणून ३ संपला. ४८,८८९ चे वर्गमूळ २२१ च्या किंचित वर आहे (२२१ चा वर्ग ४८,८४१).

फर्माच्या रीतीच्या आठ-दहा पायऱ्या करून पाहिल्या तर काहीच हाती लागत नाही, आणि लागणारही नाही, कारण ४८,८८९ ही मूळ संख्या आहे; तिच्यावर ही रीत चालवत राहिल्यास क = २४,४४५ पर्यंत जावे लागेल. इथे भागाकाराचाच मार्ग धरावा. २२१ पर्यंत ४७ मूळ संख्या आहेत, त्यातल्या २, ३, ५, ७, ११, १३ हलक्या कसोट्यांत जातात आणि उरलेल्या ४१ भागाकारांत एकाचीही बाकी शून्य येत नाही. ९७ पाशी बाकी १ येते आणि ३१, ८३ पाशी २; अशा ठिकाणी हात घाईत शून्य लिहून जातो, तेवढे जपावे. टप्पा ३ मध्ये म्हटले होते ते उदाहरण हेच: ४,४०,००१ चे वर्गमूळ ६६३ च्या आसपास आहे आणि तिचा मूळ अवयव ४८,८८९ त्याच्या कितीतरी पुढे आहे.

विभाजक ६, त्यांची बेरीज १३ × ४८,८९० = ६,३५,५७०, सहमूळ संख्या ६ × ४८,८८८ = २,९३,३२८. दोन वर्गांच्या बेरजेच्या बाबतीत मात्र निकाल उलटा आहे: ३ चा घातांक सम, आणि ४८,८८९ ला ४ ने भागून बाकी १. मांडणी शोधण्यासाठी ४८,८८९ मधून २२१, २२०, २१९ असे उतरत्या क्रमाने वर्ग वजा करत जावे आणि टप्पा ४ मधला शेवटच्या अंकांचा नियम लावून नापास वजाबाक्या खोडत जावे. चौदाव्या प्रयत्नात, २०८ चा वर्ग ४३,२६४ वजा केल्यावर, ५,६२५ उरतात, म्हणजे ७५ चा वर्ग. दोन्ही पाया ३ ने गुणले की ६२४ आणि २२५ मिळतात. ३,८९,३७६ + ५०,६२५ ही बेरीज वहीत मांडून ४,४०,००१ येते का ते पाहावे.